एकाच झाडाखालच्या दोन अळंब्या

बव्हेरियाच्या पूर्व सीमेवर, चेक प्रजासत्ताकाला लागून, स्प्रूसचं दाट जंगल आहे. सप्टेंबरात चार दिवस पाऊस होऊन ऊन पडलं की तिथे अळंब्या उगवतात. जंगलाच्या कडेला उगवलेली उंच, ताटाएवढी पसरणारी पॅरासोल उचलून प्रयोगशाळेत नेली, तर तिच्यात सिझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य किलोमागे जेमतेम काही बेकरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक) निघेल. थोड्या अंतरावरची तपकिरी टोपीची मारोने शेकड्यांत जाईल. आणि टोपीखाली पात्यांऐवजी बारीक मऊ काटे असणारी श्टॉपेलपिल्झ कधीकधी हजार ओलांडेल. जंगल तेच, पाऊस तोच, चाळीस वर्षांपूर्वी वरून गेलेला चेर्नोबिलचा ढगही तोच.

म्हणून ‘युरोपातली अळंबी किरणोत्सारी असते का हो?’ या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही. कुठली जात, कुठल्या डोंगरउतारावरची, ताजी की वाळलेली, आणि मोजली कशावर, एवढं कळल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. घाबरणारे आणि बेफिकीर राहणारे, दोघंही बहुतेक वेळा हे विचारायचं विसरतात. देशाच्या नावावर काही ठरत नाही. ठरतं ते जातीवर आणि मातीच्या वरच्या वीतभर थरावर.

२६ एप्रिल १९८६ रोजी पहाटे चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली आणि पुढचे सुमारे दहा दिवस तिच्यातून किरणोत्सारी द्रव्य बाहेर पडत राहिलं. जगाला पत्ता लागला २८ एप्रिलला. स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला, आणि तो त्यांच्या केंद्रातला नव्हताच. ३० एप्रिल आणि १ मे या दोन दिवसांत तो ढग दक्षिण जर्मनीवर पोचला आणि नेमका तेव्हाच तिथे जोरदार पाऊस झाला. पुढचं सगळं या पावसाने ठरवलं. पाऊस पडला तिथे सिझियम जमिनीवर उतरलं, नाही पडला तिथे ढग वरच्यावर निघून गेला. त्यामुळे उत्तर जर्मनी बरीचशी सुटली. बव्हेरियन जंगल, डॅन्यूबच्या दक्षिणेचा पट्टा आणि आल्प्समधला बेर्खतेसगाडेनचा परिसर मात्र सापडला. तिथे काही ठिकाणी चौरस मीटरमागे एक लाख बेकरेलपर्यंत सिझियम-१३७ पडलं. शेजारच्याच दोन दऱ्यांत दहापट फरक असू शकतो, कारण एकीत सर आली आणि दुसरीत नाही.

त्या पावसात आलेल्या द्रव्यांपैकी आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, आठ दिवसांचं. अळंबीचा हंगाम सुरू व्हायच्या आतच ते संपलं. सिझियम-१३४ चं दोन वर्षांचं, तेही केव्हाच नाहीसं झालं. उरलं सिझियम-१३७. त्याचं अर्धायुष्य तीस वर्षांचं, म्हणजे चाळीस वर्षांनंतरही सुमारे ४० टक्के शिल्लक.

हे ४० टक्के गव्हात, बटाट्यात, दुधात का दिसत नाही? शेतात नांगर फिरला आणि वरच्या दोन सेंटिमीटरांत बसलेलं सिझियम पंचवीस सेंटिमीटर मातीत मिसळून विरळ झालं. शिवाय पोटॅशचं खत पडलं. सिझियम आणि पोटॅशियम मूलद्रव्यांच्या एकाच घराण्यातले. मुळांना हवं असतं पोटॅशियम, आणि ते पुरेसं मिळालं की सिझियम फारसं आत घेतलं जात नाही. पण खरं काम केलं चिकणमातीने. तिच्यातल्या इलाइट नावाच्या खनिजाचे थर कडेला झिजून किंचित उघडलेले असतात. त्या फटीत सिझियमचा आयन जाऊन बसतो आणि सहसा परत सुटत नाही. मातीत सिझियम असतं, मोजलं तर दिसतंही, पण पिकाच्या हाती लागत नाही.

जंगलात यातलं काहीच घडत नाही. नांगर नाही, खत नाही, आणि वरच्या दहा-पंधरा सेंटिमीटरांत चिकणमाती जवळजवळ नाहीच. तिथे असतं सूचिपर्णी झाडांच्या सुयांचं गादीसारखं दाट कुजण, आंबट आणि पोटॅशियमला भुकेलेलं. जंगल हे चिंधीसुद्धा बाहेर न टाकणाऱ्या काटकसरी घरासारखं चालतं. पानातलं पोटॅशियम पान गळताच कुजणात येतं, कवकाचे तंतू ते उचलतात, थोडं स्वतः ठेवतात, थोडं झाडाच्या मुळांना देतात, तिथून ते पुन्हा पानात जातं. सिझियम या फेऱ्यात पोटॅशियमच्या पाठोपाठ फिरत राहतं. खाली झिरपतं ते वर्षाला काही मिलिमीटर, तेवढ्यात कवकजाल त्याला परत वर ओढतं.

आपण जिला अळंबी म्हणतो ते कवकाचं फक्त फळ. कवक स्वतः मातीत पसरलेलं धाग्यांचं जाळं आहे, आणि ते मुळापेक्षा कितीतरी बारीक भोकांत शिरतं. सिझियम पकडण्यात झाड त्याच्या जवळपासही येत नाही. म्हणूनच जंगलातल्या ब्लूबेरीपेक्षा तिथली मारोने साधारणपणे जास्त सिझियम धरते. काहींना वाटतं, दरवर्षी इतक्या अळंब्या तोडल्या जातात, म्हणजे हळूहळू जंगल साफ होत असेल. तसं होत नाही. टोपल्यांतून बाहेर जाणारं सिझियम जंगलातल्या साठ्याचा एक टक्काही भरत नाही. न तोडलेली अळंबी आठवड्याभरात तिथेच कुजते आणि सगळं जमा परत त्याच थरात.

जातीजातींत एवढा फरक पडण्याची कारणं दोन-तीन आहेत. पॅरासोल, शॅम्पिन्यॉन (बटन मशरूम) या जाती कुजलेल्या काडीकचऱ्यावर जगतात, त्या कमी धरतात. झाडाच्या मुळांशी भागीदारी करणाऱ्या जाती सहसा जास्त धरतात, मारोने आणि श्टॉपेलपिल्झ त्यांतल्याच. दुसरं कारण खोलीचं. वरच्या कुजणात जाळं पसरणाऱ्या जातींत पहिल्या काही वर्षांतच कळस झाला. खोल जाणाऱ्यांत सिझियम उशिरा पोचलं, म्हणून त्यांचा आकडा उशिरा चढला आणि उतरतोय सावकाश. तिसरी गोष्ट खास मारोनेची. तिच्या टोपीच्या सालीत नॉरबॅडिओन नावाचं तपकिरी रंगद्रव्य असतं, आणि ते सिझियमला धरून ठेवतं. मारोनेची साल, गर आणि देठ वेगवेगळे मोजले तर सालीचा आकडा सगळ्यांत वर जातो. देठात सर्वांत कमी. बहुतेक जातींत टोपीत देठापेक्षा जास्त सिझियम असतं.

सगळ्यांत अजब प्रकार मात्र माणूस खातच नाही त्या कवकाचा. हिर्शट्र्युफेल म्हणतात त्याला. जमिनीखाली काही सेंटिमीटरांवर वाढणारी, सुपारीपेक्षा थोडी मोठी, खडबडीत सालीची गोळी. सिझियम साठवण्यात हिचा हात कोणी धरत नाही. रानडुकरांना ती अतिशय आवडते आणि हिवाळ्यात दुसरं काही मिळेनासं झालं की ती माती उकरून हीच खातात. बव्हेरियात म्हणून शिकार झालेल्या रानडुकराचं मांस मोजून बघावं लागतं. मर्यादेच्या वर गेलं तर ते नष्ट करायचं आणि शिकाऱ्याने सरकारकडे भरपाई मागायची, अशी व्यवस्था अजून चालू आहे. हरणांच्या मांसातला आकडा वर्षानुवर्षं खाली येत गेला, डुकरांचा हटेना. आणि गंमत अशी, की हॉटेलात सोन्याच्या भावाने विकले जाणारे ट्रफल स्वित्झर्लंडपासून आजूबाजूच्या देशांपर्यंत तपासले गेले तेव्हा त्यांत सिझियम नगण्य निघालं. दोन्ही जमिनीखालच्या गोळ्याच, पण जात वेगळी आणि माती वेगळी. खाण्याचे ट्रफल चुनखडीच्या मातीत येतात.

डुकरांच्या या कोड्याचा एक तुकडा २०२३ मध्ये उलगडला. सिझियमचं आणखी एक भावंड आहे, सिझियम-१३५. त्याचं अर्धायुष्य दहा लाख वर्षांहून जास्त, त्यामुळे ते फारसं किरण सोडत नाही, पण मोजता येतं. अणुभट्टीत या १३५ चा जनक असलेला झेनॉन-१३५ न्यूट्रॉन गिळून टाकतो आणि १३५ कमी तयार होतं. बाँबमध्ये स्फोट क्षणात आटोपतो, झेनॉन तयार होईपर्यंत गिळायला न्यूट्रॉन शिल्लक नसतात, म्हणून १३५ जास्त. १३५ आणि १३७ यांच्या प्रमाणावरून सिझियम कुठून आलं ते ओळखता येतं. बव्हेरियातल्या डुकरांचं मांस असं तपासलं तेव्हा मर्यादेच्या वर गेलेल्या नमुन्यांत १० ते ६८ टक्के सिझियम चेर्नोबिलचं नव्हतंच. ते १९५० आणि ६० च्या दशकांत वातावरणात केलेल्या अणुचाचण्यांचं होतं. जुनं सिझियम सावकाश खाली उतरत हिर्शट्र्युफेलच्या पातळीवर पोचलंय आणि चेर्नोबिलचं त्याच्या मागोमाग येतंय.

आता मोजणीकडे येऊ, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. किलोला १००० बेकरेल असलेल्या शंभर ग्रॅम अळंबीत सेकंदाला शंभर अणू फुटतात. त्यांतल्या साधारण ८५ वेळा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण निघतो आणि तो कुठल्याही दिशेला जातो. हातातल्या छोट्या गायगर काउंटरच्या (किरण नोंदला की टिकटिक करणाऱ्या यंत्राच्या) नळीपर्यंत त्यांतले मोजकेच पोचतात आणि पोचलेल्या गॅमांपैकी शंभरात एखादाच नळीत नोंदला जातो. तिकडे त्या नळीत काहीही समोर न धरता मिनिटाला वीस-तीस टिकटिक होतच असते. म्हणजे ऑनलाइन मागवलेला गायगर काउंटर टोपलीवर फिरवून ‘स्वच्छ आहे’ म्हणणं व्यर्थ. आणि वाळलेल्या अळंबीच्या पुडक्यावर जरा जास्त टिकटिक झाली म्हणून दचकणंही तितकंच व्यर्थ. अळंबीत पोटॅशियम भरपूर, आणि निसर्गातल्या प्रत्येक ग्रॅम पोटॅशियममागे सुमारे ३१ बेकरेल पोटॅशियम-४० असतंच. ताज्या अळंबीत किलोला शंभरेक बेकरेल तरी या हिशेबाने येतात, मग ती बव्हेरियातली असो नाहीतर कोकणातली. गायगरला दोन्हींतला फरक कळत नाही.

फरक कळतो तो प्रत्येक किरणाची ऊर्जा मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरला. तिथलं काम असं चालतं: एका नमुन्यात एकच जात घ्यायची, निदान अर्धा किलो. देठाची माती जंगलातच सुरीने आणि ब्रशने काढायची, कारण मातीचा एक खडा आतमध्ये गेला तर मोजली जाते माती, अळंबी नव्हे. नमुना कागदी पिशवीत, थंड जागी. प्रयोगशाळेत सेंटिमीटरभराचे तुकडे करून ते मारिनेली पात्रात भरतात. हे पात्र मधोमध खोलगट असतं, शोधक यंत्रावर टोपीसारखं बसतं, त्यामुळे नमुना यंत्राच्या वर आणि चहूबाजूंनी राहतो. तुकड्यांमध्ये हवेच्या पोकळ्या ठेवायच्या नाहीत आणि ज्या पातळीपर्यंत भरून यंत्राचं अंशांकन केलंय त्याच पातळीपर्यंत भरायचं. मग वजन, मग जाड शिशाच्या पेटीत अर्धा तास ते एक तास मोजणी. रिकाम्या पात्राची मोजणी आधी करून ठेवलेली असते, ती वजा करायची.

समजा अर्ध्या किलोचा नमुना १८०० सेकंद मोजला. ६६२ च्या शिखराखाली पार्श्वभूमी वजा जाता ९१८० नोंदी मिळाल्या, आणि या पात्रासाठी यंत्राची कार्यक्षमता ३ टक्के आहे. तर ९१८० ला १८००, ०.०३, ०.८५ आणि ०.५ यांच्या गुणाकाराने, म्हणजे २२.९५ ने भागायचं. उत्तर ४०० बेकरेल किलोला.

या साध्या भागाकारात चुकायला जागा भरपूर आहेत. अळंबीत ९० टक्के पाणी. गाडीच्या डिकीत दिवसभर उन्हात राहिलेली किलोभर अळंबी ८०० ग्रॅम भरली की तेच ४०० बेकरेल ५०० दिसायला लागतात, एक अणूही न वाढता. पूर्ण वाळवली तर दहापट, म्हणून अहवालावर ‘ताज्या वजनावर’ की ‘कोरड्या वजनावर’ हे लिहिलेलं नसेल तर तो कागद बाजूला ठेवावा. दुसरी चूक थोडी आडवळणाची आहे. स्वस्त सोडियम आयोडाइडचं यंत्र ६६२ च्या आसपास पन्नासेक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतल्या दोन रेषा वेगळ्या दाखवू शकत नाही. हवेतल्या रेडॉनपासून आलेलं बिस्मथ-२१४ ६०९ वर रेषा देतं, सिझियम-१३४ ची रेषा ६०५ वर. तळघरातल्या खोलीत रेडॉन वाढला की नवशिक्याला बव्हेरियातल्या अळंबीत सिझियम-१३४ ‘सापडतं’, आणि दोन वर्षांच्या अर्धायुष्याचं सिझियम म्हणजे कुठेतरी ताजी गळती, असा निष्कर्ष निघतो. जर्मेनियमचं यंत्र या दोन रेषा सहज सोडवतं. ते महाग असतं आणि द्रव नायट्रोजनने किंवा विजेच्या शीतकाने थंड ठेवावं लागतं.

४०० म्हणजे जास्त की कमी? युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे विक्रीसाठी सिझियम-१३४ आणि १३७ मिळून किलोला ६०० बेकरेल, दूध आणि बाळाच्या खाण्यासाठी ३७०. जर्मनीत स्वतः तोडून स्वतः खाल्लेल्या अळंबीला ही मर्यादा लागू नाही. स्वीडनने १९८६ मध्ये सरसकट ३०० लावली होती, मग १९८७ मध्ये रानअळंबी, रेनडिअर आणि शिकारीच्या मांसासाठी ती १५०० केली. उत्तरेतले सामी लोक रेनडिअरवर जगतात, ३०० ची रेघ म्हणजे त्यांचा धंदाच बंद. रेनडिअर शरदात अळंब्यांवर तुटून पडतात, त्यामुळे अळंबीचं पीक जोरात आलं त्या वर्षी मांसातला आकडाही चढतो. बेलारूसची मर्यादा ताज्या अळंबीला ३७०, युक्रेनची ५००, वाळलेलीला दोघांचीही २५००. जपानची २०१२ पासून १००. एवढे वेगवेगळे आकडे बघून कुणाला ही सगळी मनमानी वाटेल. तसं नाही. लोक वर्षाला किती खातात, दुसरं काय खातात आणि त्यावर कुणाचं पोट अवलंबून आहे, याचा तो हिशेब आहे. ६०० ला अन्न आणि ६०१ ला विष, असं काही नसतं.

शरीराला बसणारा हिशेब स्वतः करता येतो. प्रौढ माणसाने एक बेकरेल सिझियम-१३७ गिळलं तर ०.०१३ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक). किलोला ३००० बेकरेलची, म्हणजे सिझियमने चांगलीच भरलेली अळंबी २०० ग्रॅम खाल्ली, तर ६०० बेकरेल, सुमारे ८ मायक्रोसिव्हर्ट. फ्रँकफर्टहून कॅनरी बेटांवर विमानाने जाण्यात साधारण तेवढंच मिळतं. पण हजार बेकरेलची अळंबी दर आठवड्याला पाव किलो, वर्षभर, असं धरलं तर तेरा किलो, तेरा हजार बेकरेल, १७० मायक्रोसिव्हर्ट. भीतीचं कारण अजूनही नाही. जर्मनीत निसर्गाकडूनच माणसाला वर्षाला सरासरी २१०० मिळतात. तरी टाळता येण्यासारखं आहे ते टाळावं, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर नक्कीच.

मुंबईतल्या जुन्या मंडळींना हा वाद वेगळ्या रूपात आठवत असेल. युरोपीय समुदायाची मदत म्हणून आयर्लंडचं २०० टन लोणी मुंबईला आलं आणि ते चेर्नोबिलच्या ढगाखालचं म्हणून विकू नये, अशी याचिका उच्च न्यायालयात झाली. तिथे ती फेटाळल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने एम. जी. के. मेनन, पी. के. अय्यंगार आणि जी. व्ही. के. राव यांची समिती नेमली आणि १९८८ मध्ये लोणी खाण्यास सुरक्षित असल्याचा निर्वाळा मिळाला. त्या गदारोळात एक साधी गोष्ट फार कमी बोलली गेली. सिझियम पाण्यात राहतं, स्निग्धांशात नाही. दूध घुसळलं की त्यातलं बहुतेक सिझियम ताकात जातं, लोण्यात थोडंच येतं.

सिझियमचं हेच पाण्यावरचं प्रेम स्वयंपाकघरात उपयोगी पडतं. किलोभर अळंबी पातळ चिरून तीन-चार लिटर मीठ घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळायची, पाणी ओतून टाकायचं, हवं तर पुन्हा एकदा. निम्म्याहून जास्त सिझियम पाण्याबरोबर जातं, चिरलेले तुकडे लहान असतील तर आणखी. वाळलेली अळंबी काही तास भिजवून ते पाणी टाकावं. स्वयंपाकी नेमकं तेच पाणी सूपसाठी जपून ठेवतात, हे मात्र खरं दुखणं. चव आणि सिझियम एकाच पाण्यात उतरतात. तव्यावर परतून, भाजून काहीही कमी होत नाही, उलट पाणी उडून ग्रॅममागे आकडा वाढतो. रश्श्यात किंवा पुलावात तर सगळं पाणी ताटातच येतं. मारोनेची साल निघत असेल तर काढावी.

म्युनिकच्या आसपास मराठी घरं पुष्कळ आहेत आणि शरदात जर्मन सहकाऱ्यांबरोबर टोपली घेऊन निघण्याचा मोह होतोच. दुकानातली शॅम्पिन्यॉन आणि धिंगरी पेंढ्याच्या खतावर बंद खोलीत वाढतात, त्यांत शोधायला काही नसतं. जंगलातलं हवंच असेल तर श्टाइनपिल्झ आणि फिफरलिंग सिझियमच्या बाबतीत मधल्या गटात मोडतात, पॅरासोल खालच्या. घरच्यापुरतंच तोडावं, या दोन्ही मधल्या जाती संरक्षित यादीत आहेत. शंका असेल तर १९८६ साली चेर्नोबिलनंतरच सुरू झालेली उमवेल्टइन्स्टिट्यूट म्युन्शेन ही संस्था लोकांच्या अळंब्या तपासते. पण खरा धोका बेकरेलचा नाहीच. फिकट हिरवट टोपीची, देठाच्या बुडाशी पिशवी असलेली क्नोलेनब्लेटरपिल्झ एक जरी टोपलीत आली तरी घात. तिचं विष उकळून जात नाही. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मधे फसवं बरं वाटणं, आणि तोवर यकृत गेलेलं असतं. आपल्याकडची खायची अळंबी ओळखीची आहे म्हणून तिकडची ओळखता येईल, या समजुतीत कोणी राहू नये. अळंबीची ओळख मैलामैलाला बदलते.

हा सगळा हिशेब बव्हेरियाचा. युक्रेन आणि बेलारूसच्या सीमेवरचं पोलिसिया आणि रशियातला ब्र्यान्स्कचा पश्चिम भाग इथे गोष्ट वेगळी होते. तिथे माती रेताड आणि दलदलीची, इलाइट जवळजवळ नाही, आणि पडलेलं सिझियम अनेक पटींनी जास्त. अळंबीत किलोला दहा हजारांच्या वरचे आकडे तिथे मिळालेले आहेत. शिवाय तिथे अळंबी हौसेची वस्तू नाही. खेड्यातलं घर वर्षभराची अळंबी शरदात वाळवून, खारवून ठेवतं, उरलेली रस्त्याकडेला विकतं. अशा गावांत लोकांना अंगातला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या खुर्चीत बसवलं की शरदात आणि हिवाळ्याच्या तोंडावर आकडा वर जातो, उन्हाळ्यात उतरतो, कारण प्रौढ शरीरातलं सिझियम शंभरेक दिवसांत निम्मं होतं. दुधासाठी तिथे उपाय सापडले, गायीच्या खाद्यात प्रशियन ब्लूच्या जातीचं निळं मीठ मिसळलं की सिझियम तिच्या आतड्यातच बांधलं जाऊन शेणावाटे जातं. जंगलाला असं औषध देता येत नाही. तिथे चांगलं काम करतो तो जत्रेत, बाजारात ठेवलेला मोजणीचा टेबल, जिथे आजी टोपली आणते आणि दहा मिनिटांत आकडा घेऊन जाते. माल मोठ्या व्यापाऱ्याकडे गेला की वेगवेगळ्या जंगलांचा माल एकत्र होतो, जास्त आणि कमी सिझियमची अळंबी मिसळून सरासरी मर्यादेत बसते, आणि मग कुठल्या गावच्या अळंबीत काय होतं ते कुणालाच कळत नाही.

गोव्यात पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणाऱ्या अळंबीबद्दल हाच प्रश्न कुणी विचारला तर उत्तर सोपं आहे. चेर्नोबिलचा ढग इथवर नगण्य आला, बाँबचाचण्यांची राखही उत्तर गोलार्धाच्या मधल्या पट्ट्यात जास्त पडली. आणि ही अळंबी झाडाच्या मुळावर जगत नाही, वाळवीने गोळा केलेल्या पाल्यावर जगते. तिचा प्रश्न वारुळं उद्ध्वस्त होण्याचा आहे, सिझियमचा नाही.

जपानची कहाणी मात्र अजून संपलेली नाही, आणि तिच्यात शेतकऱ्याचं नुकसान सर्वांत जास्त दिसतं. मार्च २०११ च्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर रानअळंबीवर बंदी आली ती फक्त आसपास नाही. अडीचशे-तीनशे किलोमीटरवर, फुजी पर्वताच्या पायथ्याच्या गावांतही रानअळंबी विकायला बंदी घालावी लागली. पण मोठा फटका बसला ओंडक्यांवर लागवड होणाऱ्या शिइताके अळंबीला. फुकुशिमाचा आबुकुमा डोंगराळ भाग शिइताकेच्या ओंडक्यांसाठी प्रसिद्ध होता, तिथले कोनारा जातीच्या ओकचे ओंडके जपानभर जायचे. पद्धत अशी: वीसेक वर्षं वाढलेला कोनारा शरदात पानं पिवळी पडल्यावर तोडायचा, मीटरभराचे तुकडे करायचे, वसंतात भोकं पाडून त्यांत बियाण्याच्या खुंट्या ठोकायच्या, सावलीत रचून ठेवायचं. दीड-दोन वर्षांनी अळंबी लागते. बुंधा तसाच ठेवायचा, त्याला नवे फुटवे येतात आणि वीस वर्षांनी पुन्हा तोड.

२०११ मध्ये सिझियम आधी सालीवर बसलं, मग सालीतून आणि मुळांतून लाकडात गेलं. ओंडक्यापासून अळंबीत ते दुपटीने चढतं असं धरून जपानच्या वनखात्याने हिशेब केला. अळंबीत १०० च्या आत हवं, तर ओंडक्यात ५० च्या आत. भुशाच्या बिछान्याला २०० ची सूट मिळाली, कारण तिथून अळंबीत निम्मंच उतरतं. पन्नासाची रेघ ओलांडणारं झाड विकता येईना, आणि न तोडलेलं झाड जाडजूड होत गेलं की ओंडक्याला निकामी. जिथे ओंडके बाहेरून आणून लागवड चालू ठेवली तिथे ते जमिनीवर टेकू नयेत म्हणून खाली विटा किंवा पत्रा, आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर कुजण उडू नये म्हणून न विणलेलं कापड अंथरतात. आता काही रानांत जुने कोनारा तोडून नवे फुटवे वाढवतात, मुळाशी पोटॅश देतात आणि हिवाळ्यात कोवळ्या फांद्या मोजून बघतात. ज्या उतारावरच्या फांद्यांचा आकडा पुरेसा खाली दिसतो, तो उतार पुढच्या तोडीसाठी राखून ठेवायचा. तोड वीस वर्षांनी होईल, पण कुठला उतार ठेवायचा हे आत्ताच ठरवावं लागतं.